१०३ पायऱ्यांचा ट्रेक

पुण्यात कुणालाही वीकेंडच्या ट्रेकची यादी विचारा, नावं ठरलेली आहेत. सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड, तिकोना. ग्रुप जरा हौशी असेल तर हरिश्चंद्रगड. या यादीत तुम्ही पर्वतीचं नाव घेतलंत तर लोक हसतील. पर्वती म्हणजे काय ट्रेक आहे का राव? स्वारगेटहून वीसेक मिनिटं चालायचं, १०३ पायऱ्या चढायच्या, वर देवदर्शन, खाली लिंबू सरबत, संपला विषय. आजोबा मंडळी सकाळचा चहा गार व्हायच्या आत चढून-उतरून घरी पोचतात.

पण मी ज्या ट्रेकबद्दल सांगतोय तो हाच. माझ्या दोस्ताला तो पूर्ण करायला अकरा आठवडे लागले. तयारीला त्याआधी सात महिने.

दोस्त म्हणजे हाडाचा ट्रेकर. (हा विनोद त्याचाच आहे. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने तो केला आणि काकू बाहेर जाऊन रडल्या.) शुक्रवारी रात्री ऑफिसची बॅग टाकायची आणि ट्रेकची सॅक उचलायची, असा त्याचा वर्षानुवर्षांचा कार्यक्रम. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, त्याच संध्याकाळी ऑफिसमधून घरी येताना बाइक घसरली. पहिल्या पावसात काय होतं, तर उन्हाळाभर रस्त्यात मुरलेलं तेल पाण्याबरोबर वर येतं आणि डांबराचा साबण होतो. स्पीड फार नव्हता. हेल्मेट होतं. पुण्यात हेल्मेटवर जोक करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, प्लीज. हेल्मेटचं कवच तडकलं, डोकं शाबूत राहिलं. उजवा पाय मात्र गेला. म्हणजे मांडीचं हाड मोडलं आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं.

मांडीत रॉड टाकला. नडगीला जखम उघडी असल्यामुळे आधी बाहेरून लोखंडी चौकट बसवली, तिच्या पिना थेट हाडात. जखम भरल्यावर ती काढून आतून दुसरा रॉड. घरी आला तेव्हा सहा आठवडे उजवा पाय जमिनीला टेकवायचाच नाही असा हुकूम होता. मग वॉकर, मग कुबड्या, मग काठी. वाचायला एका ओळीत झालं. त्याला लागलं अर्धं वर्ष.

या काळात घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा. शेजारचे काका, ऑफिसची गँग, लांबची मावशी. "मग, आता पूर्वीसारखा कधी होणार?" सुरुवातीला तो हसून तारीख सांगायचा. गणपतीपर्यंत. मग म्हणाला, दिवाळीपर्यंत. ऑगस्टमध्ये एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळतंय, पण सावकाश जुळतंय आणि पाय साधारण दीड सेंटिमीटर तोकडा राहील. बुटात टाचेखाली उंची घालावी लागेल. त्या दिवसानंतर त्याने तारखा सांगणं बंद केलं. ट्रेकच्या ग्रुपमधून बाहेर पडला. भिंतीवरचा राजगडाचा फोटो काढून कपाटामागे ठेवला. फोन वाजत राहायचा, तो उचलायचा नाही. तीन आठवडे हे असं चाललं. त्याबद्दल तो अजूनही फार बोलत नाही, मीही विचारत नाही.

आधी सपाटी

त्याला घराबाहेर काढलं ते फिजिओथेरपीच्या मॅडमनी. मॅडम वयाने आमच्याएवढ्याच, पण आवाज पीटीच्या सरांचा. नोव्हेंबरात त्यांनी फर्मान काढलं, की आता घरातल्या फरशीवर चालणं बस्स झालं, बागेत जा. म्हणून आम्ही सारसबागेत जायला लागलो.

सारसबाग आपल्याला माहीत असते ती भेळ-पावभाजीसाठी किंवा लहानपणच्या फोटोंसाठी. पेशवाईत इथे तळं होतं, नानासाहेब पेशव्यांनी करवून घेतलेलं. त्या तळ्यातल्या बेटावरचा म्हणून हा 'तळ्यातला गणपती'. पाणी कधीच गेलं, बाग आली, नाव राहिलं. नव्याने चालायला शिकणाऱ्या माणसासाठी ही जागा म्हणजे खजिना आहे, हे मात्र आम्हाला तेव्हा कळलं. सपाट रस्ते, दर थोड्या अंतरावर बसायची सोय आणि आजूबाजूला नुकतीच चालायला लागलेली दीड-दोन वर्षांची पोरं. ती धपाधप पडायची, इकडेतिकडे बघायची आणि उठायची. दोस्त काठी टेकत त्यांच्या मागून. "माझी बॅच," तो म्हणायचा.

काठी कुठल्या हातात धरायची, हेही शिकावं लागतं बरं का. आपल्याला वाटतं, दुखरा पाय उजवा तर काठीही उजवीकडे. सिनेमात तशीच दिसते बऱ्याचदा. खरं उलट आहे. काठी चांगल्या बाजूच्या हातात, आणि ती पुढे जाते दुखऱ्या पायाबरोबर. त्यामुळे शरीराचा भार दोघांत वाटला जातो आणि कंबर एका बाजूला कलत नाही. महिनाभर तो हेच एक गणित गिरवत होता.

डिसेंबरात थंडी वाढली आणि सारसबागेतल्या गणपतीला नेहमीप्रमाणे स्वेटर आणि कानटोपी चढली. दोस्त बराच वेळ मूर्तीसमोर उभा होता. काठी न टेकता उभा आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मी गप्प बसलो. बाहेर पडताना त्याने मान वर करून समोरच्या टेकडीकडे पाहिलं आणि मॅडमना मेसेज टाकला : "पर्वती चालेल?" उत्तर आलं : "आधी दहा पायऱ्या. मग बघू."

पर्वती नावाची जिम

पर्वतीच्या पायऱ्या आपल्या बिल्डिंगच्या जिन्यासारख्या नाहीत. रुंद, दगडी, कमी उंचीच्या आणि लांबलचक. एकेका पायरीवर दोन-तीन पावलं चालावं लागतं, मग पुढची पायरी. पेशव्यांचे हत्ती-घोडे चढावेत म्हणून त्या अशा बांधल्या, असं म्हणतात. हत्तीचं माहीत नाही, पण रॉडवाल्या पायाला हा हिशोब फार सोयीचा आहे. एक पायरी चढलात की थोडं सपाट मिळतं. श्वास घेता येतो. आणि मुख्य म्हणजे कुठल्याही पायरीवरून परत फिरता येतं. अर्ध्या कड्यावर अडकायचा प्रश्नच नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही सकाळी साडेसहाला पायथ्याशी उभे होतो. मॅडमनी सूत्र पाठ करून घेतलं होतं : वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी. कारण सरळ आहे. चढताना शरीर वर उचलायचं काम पहिल्या पायाचं असतं. उतरताना मात्र मागे राहिलेला पाय गुडघ्यात वाकत सगळं वजन हळूहळू खाली सोडतो. दोन्ही वेळा कष्टाचं काम चांगल्या पायाकडे गेलं पाहिजे. काठी कायम दुखऱ्या पायाच्या सोबत.

त्या दिवशी तो अकरा पायऱ्या चढला. बाराव्या पायरीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "चल, उतरू." मला वाटलं होतं जोशात तो अजून चारपाच तरी चढेल. पण बॉस, जुना दोस्त आणि नवा दोस्त यांच्यात हाच फरक होता. जुन्याने "अजून थोडं" म्हणत अंधारात तोरण्याची वाट तुडवली असती. नवा अकराव्या पायरीवरून आनंदाने परत फिरत होता, कारण बारावी उद्या तिथेच असणार होती.

आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, असा रतीब सुरू झाला. अकरा, चौदा, एकोणीस, सव्वीस. मधेच एकदा पाय सुजला, तेव्हा पुन्हा चौदा. घरी कॅलेंडरवर तो आकडे लिहायचा. त्याच कॅलेंडरवर, जिथे काकू दुधाचा हिशोब लिहितात. एका चौकोनात 'दूध दीड' आणि खाली '२६'.

पर्वतीवर रोज येणाऱ्यांची एक स्वतंत्र जमात आहे. कानटोपीवाले आजोबा, ट्रॅक सूटमधल्या काकू, भरतीची तयारी करणारी पोरं, जी पाठीला बॅग लावून पाचपाच फेऱ्या मारतात. आपल्या पुणेरी स्वभावानुसार प्रत्येकाने दोस्ताची केस हातात घेतली. "ऑपरेशनला किती महिने झाले? कुठलं हाड? रॉड का प्लेट?" आणि मग आपापली हत्यारं बाहेर. एकाच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. एकाच्या हृदयात तीन स्टेंट. एका काकूंच्या मनगटात प्लेट आणि सहा स्क्रू. "विमानतळावर आपली ट्रिप काढली पाहिजे," दोस्त म्हणाला, "मशीन बंद पडेल." पण गंमत सोडा. या लोकांनी त्याला एकदाही 'पूर्वीसारखा कधी होणार' असं विचारलं नाही. ते विचारायचे, "आज किती?" एवढंच. आकडा ऐकायचे, मान डोलवायचे आणि वर जायचे.

शून्याचा दिवस

फेब्रुवारीत एक बुधवार असा आला की तो पहिल्या पायरीवर बसला आणि उठेचना. रात्री पाय ठणकला होता, झोप नव्हती. वर ऑफिसमधून मेल आली होती, की त्याच्या जागी प्रोजेक्टवर दुसऱ्याला घेतलंय. गरज म्हणून घेतलं असेल, कुणाला दोष द्यायची गोष्ट नव्हती. पण लागायचं ते लागलंच. "कशासाठी चढतोय रे मी हे?" तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बाजूला बसलो.

सैन्यातून निवृत्त झालेले एक काका रोज चढायचे. ते उतरताना थांबले. शेजारी बसले आणि कुठलाही उपदेश न करता, आपण क्रिकेटची मॅच सांगतो तसं त्यांनी मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगितलं. सांगली जिल्ह्यातला हा गडी फौजेत बॉक्सर होता. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतून बसली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून सुवर्णपदक मिळवलं, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं. हिशोब करा, ४६ वर्षं. आता २०२४मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला म्हणून आपल्याला नाव तरी माहीत झालं.

"काका, मला मेडल नकोय हो," दोस्त म्हणाला. "बाथरूमला एकट्याने जाता आलं ना, त्या दिवशी माझं मेडल मला मिळालं."

"अरे, मग मी दुसरं काय सांगतोय?" काका म्हणाले. "त्यांनी तरी पोहायला सुरुवात मेडलसाठी कुठे केली होती? उपचार म्हणून पाण्यात उतरले होते."

काका उठले आणि पँट झटकत निघून गेले. आम्ही अजून अर्धा तास बसलो, मग रिक्षा करून घरी. त्या दिवशीचा आकडा त्याने कॅलेंडरवर लिहिला : ०. मला वाटलं होतं तो चौकोन रिकामा सोडेल. म्हणाला, "नाही रे. गेलो तर होतोच ना."

वरून दिसणारं पुणं

मार्चच्या तिसऱ्या रविवारी, एक तास दहा मिनिटं घेऊन, आम्ही १०३व्या पायरीवर पोचलो. ना ढोल ना ताशे. गुडघेवाल्या आजोबांनी विचारलं, "आज किती?" दोस्त म्हणाला, "सगळ्या." आजोबा म्हणाले, "छान. आता दर्शन घ्या, गार वाऱ्यात फार बसू नका."

इथे आलात तर देवदेवेश्वराचं दर्शन घेऊन लगेच फिरू नका. नानासाहेब पेशव्यांनी हे देऊळ १७४९मध्ये बांधलं. आवारात कार्तिकेयाचं, विष्णूचं, विठ्ठलाचंही देऊळ आहे, पेशवे संग्रहालय आहे. आणि नानासाहेबांची समाधी आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेला, एक अख्खी पिढी गेली. खचलेले नानासाहेब परत आले आणि २३ जून १७६१ला याच टेकडीवर वारले. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीला इंग्रजांशी लढाई झाली. तिच्यातला पराभव दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरूनच पाहिला, असं सांगतात. म्हणजे ज्या टेकडीवर आपण फिटनेससाठी येतो, तिने मराठेशाहीतल्या दोन मोठ्या पराभवांचं ओझं वाहिलंय.

दोस्त समाधीपाशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. "वर येणं सोपं असतं रे," तो म्हणाला. "हा माणूस वर आला आणि उतरलाच नाही. ऑगस्टमध्ये माझंही तसंच झालं असतं." ऑगस्टबद्दल तो आपणहून बोलला, तो एवढाच.

मग उत्तरेकडच्या बाजूला जाऊन आम्ही खडकी कुठे असेल ते शोधत बसलो. जिथे ती १८१७ची लढाई हरलो, त्याच खडकीत आज पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. गोळीने किंवा अपघाताने मणका निकामी झालेले जवान तिथे राहतात, व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळतात. कुणी हात चालत नाहीत म्हणून तोंडात ब्रश धरून चित्रं काढतं. आणि पुण्यातच लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४मध्ये ते सुरू झालं. तेव्हापासून पाय गमावलेल्यांना तिथे पाय मिळतायत. आपण पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतो, आयटीचं म्हणतो. मोडलेली माणसं पुन्हा उभी करण्याचं कामही या शहरात इतकी वर्षं चाललंय, हे ब्रोशरमध्ये कुठे छापलेलं नसतं.

हवा स्वच्छ होती. नैर्ऋत्येला सिंहगडावरचा टॉवर दिसत होता. मला वाटलं आता तो म्हणेल, पुढचा तो. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "पिठलं-भाकरी खायला गाडीने जाऊ कधीतरी. चढायचं मग बघू. नाही जमलं तर नाही." आवाजात खंत नव्हती. आणि उसना उत्साहही नव्हता. जेवढं आहे तेवढं सांगत होता.

उतरायला त्याला चढण्याइतकाच वेळ लागला. दुखरा पाय आधी. काठी त्याच्यासोबत. मग चांगला. पायरी संपली की थोडी सपाटी, पुन्हा दुखरा पाय आधी. पाठीला बॅग लावलेली पोरं बाजूने धडाधड पळत खाली जात होती. त्यातला एक थांबून म्हणाला, "दादा, हात देऊ?" दोस्त म्हणाला, "नको रे. पण थांबलास ना, थँक्स."

हल्ली तो बुधवार-रविवार जातो, मी असलो-नसलो तरी. दीड सेंटिमीटरची उंची बुटात आहे. थंडीत नडगी दुखते. नवीन प्रोजेक्ट मिळालाय. कपाटामागचा राजगडाचा फोटो अजून भिंतीवर आलेला नाही, पण शेजारच्या भिंतीवर ते दुधाचं कॅलेंडर तो वर्ष संपलं तरी काढू देत नाही.

तुम्हीही जा!

कसं जाल : स्वारगेट मेट्रो स्टेशन किंवा बसस्टँडवरून रिक्षाने पाच-दहा मिनिटं, चालत वीसेक मिनिटं. सारसबागही वाटेत होते.

कधी जाल : सकाळी लवकर. ऊन चढलं की दगड तापतात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा चांगल्या ग्रिपचे बूट घाला.

काय बघाल : देवदेवेश्वर, नानासाहेबांची समाधी, संग्रहालय आणि वरून दिसणारं अख्खं पुणं.

सोबत बरं होत असलेलं कुणी असेल तर : आधी डॉक्टर आणि फिजिओला विचारा. त्याच्या स्पीडने चाला, तुमच्या नाही. चढताना एक पायरी मागे राहा, उतरताना एक पायरी पुढे. परत फिरू म्हणाला तर लगेच फिरा, "अजून थोडं" म्हणू नका. 'पूर्वीसारखा' हा शब्द घरी ठेवून या. आणि आकडा विचारायचाच असेल तर फक्त आजचा विचारा.